एक पान कमी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात
व्होरूच्या रानानं उकूला ठेवून घेतलं.
पोलिसांनी कुत्रे आणले. कुत्रे दलदलीच्या काठाशी बसले,
पुढे जाईनात, मागे फिरेनात.
शेजारची साल्मे तेवढी म्हणाली, हा चकवा आहे, विर्वे.
कोट उलटा घाल. अस्तर बाहेर.
आणि आत कुणी मोजत बसलं असेल
तर मध्ये बोलू नकोस.

मी पंधरा वर्षांची. अस्तर गुलाबी, उसवलेलं, लाज वाटावी असं.
खिशात टॉर्च, पाठीवर दप्तर,
ते घरी टाकायचं सुचलंच नव्हतं.

बर्चची पानं उतरत होती,
घाई नसलेल्या माणसांनी जिना उतरावा तशी.
एक पांढरा दगड तीनदा डावीकडून आला,
चौथ्यांदा उजवीकडून.
तेव्हा कळलं, आपण आत आलो.

आत वारा नव्हता.
शेवाळावर पानांचे ढीग, प्रत्येकावर एक खडा,
आणि ढिगांमध्ये पाठमोरा तो,
अंगभर साल, गुडघ्यांवर अळंबी उगवलेली,
बोटं मात्र कारकुनाची, बारीक, शाईनं माखलेली.
"चार लाख सात हजार बारा.
चार लाख सात हजार तेरा."
माझी पाचावर धारण बसली.
उकू तिथंच होता, मांडी घालून,
नाकाला शेंबूड, लाल टोपी,
पानं देठाला देठ लावून रचत.
माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं पान उचललं.

"मागच्या पानगळीपासून एक पान कमी आहे," तो म्हणाला, मान न वळवता.
"हिशेब बंद होत नाही. वर बर्फ खोळंबलाय.
म्हणून हा ठेवला. पानापेक्षा जड आहे,
पण चालवून घेईन."

मी शोधते, म्हटलं.
रात्रभर शोधलं.
काळ्या पाण्यावरच्या फळ्यांवरून गेले,
तिसरी फळी पाणमांजर निघाली.
कावळ्याच्या घरट्यात हात घातला, बोट फोडून घेतलं.
म्हाताऱ्या ओकनं ढोलीत डोकावू दिलं,
बदल्यात माझं अर्धं नाव मागितलं.
दिलं. ढोलीत नुसते ओकचे दाणे होते.

पहाटे दप्तर उशाला घेतलं तेव्हा
जीवशास्त्राची वही टोचली.

पान क्रमांक अकरा. चार चिकटपट्ट्या, एक मॅपल.
खाली आईचं अक्षर.
तुर्कूला, हॉटेलातल्या खोल्या साफ करायला
ती बोटीनं निघाली त्या सकाळी
अंगणातून उचलून दिलं होतं तिनं:
हे वाळेपर्यंत येतेच बघ.
लवकर वाळावं म्हणून मी ते रोज शेगडीवर धरायचे.
केव्हाच वाळलं.

मी ते ठेवूनही घेतलं असतं.
खरं सांगते. थोडा वेळ मी उकूकडे पाहिलं
आणि थोडा वेळ पानाकडे.

त्यानं उजेडापुढे धरून पाहिलं.
"कड जळली आहे."
"हो."
"जळलेलं चालतं. न आलेलं चालत नाही."
आणि ढिगावर ठेवलं, वर खडा,
आणि पहिल्यांदाच बोटांतली शाई पुसली.

बर्फ लगेच सुरू झाला, दाराशी उभाच असावा तसा.
उकूनं डोळे चोळले.
"वि," म्हणाला, "तुझा कोट उलटा आहे."
पुढचं अक्षर त्याला आठवलं नाही,
मलाही नाही. अजून घरात मी विच आहे.

रात्री आईचा फोन आला.
तिकडे बर्फ पडला का, तिनं विचारलं.
पडला, म्हटलं. पुढचं बोलले नाही.

सोमवारी वही तपासून आली.
पान क्रमांक अकरावर चार चिकटपट्ट्यांचे डाग,
त्यांच्याखाली: मॅपल, अंगणातलं.
आणि बाईंच्या लाल शाईत:
नमुना कुठे आहे?